सान्निध्य म्हणजे समुदाय नव्हे

गेल्या पाच-सहा वर्षांत बंगळूरच्या उद्योगजगतात, आणि त्याच्या मागोमाग येथील सुशिक्षित मध्यमवर्गाच्या बैठकींतही, एक मत इतक्या निःशंकपणे मांडले जात आहे की त्याला आता सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभली आहे. माणसे एका छपराखाली, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात बसून काम करतात तेव्हाच त्यांच्यातून समुदाय घडतो. संगणकाच्या पडद्यावरून जे चालते ती कामाची देवघेव असते आणि तिच्यातून आपलेपणा, निष्ठा किंवा परस्परांविषयीचे उत्तरदायित्व उपजू शकत नाही, असे हे मत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक्स सिटीतील कचेऱ्या ओस पडल्या आणि तेथील तरुण, ज्यांत पुण्या-नागपुराकडून आणि कोल्हापूर-बेळगावाकडून आलेले मराठी तरुणही पुष्कळ होते, आपापल्या गावी परतून घरच्या माजघरातून काम करू लागले. पुढे त्यांना परत बोलावण्याची वेळ आली तेव्हा त्या हुकुमाचे समर्थन म्हणून हाच सिद्धान्त पुढे करण्यात आला. हुकूम देणे हा मालकाचा अधिकार आहे आणि त्याविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु एका व्यावसायिक सोयीला समाजशास्त्रीय सत्याचा पोशाख चढवला जातो, आणि त्या भरात विनावेतन, वर्षानुवर्षे, निष्ठेने एकत्र काम करणाऱ्या लहान लहान गटांचे अस्तित्वच नाकारले जाते, तेव्हा गप्प राहणे मला उचित वाटत नाही.

या मताचे अधिक वाचन असलेले पुरस्कर्ते फेर्डिनांड टोनीज या जर्मन समाजशास्त्रज्ञाचा दाखला देतात. जिव्हाळ्याने बांधलेला समुदाय वेगळा आणि स्वार्थाच्या करारांवर उभा असलेला समाज वेगळा, हा प्रसिद्ध भेद टोनीजने १८८७ सालच्या आपल्या ग्रंथात केला, हे खरे आहे. तथापि त्याच ग्रंथात त्याने समुदायाचेही तीन प्रकार सांगितले आहेत: रक्ताचा, स्थळाचा आणि मनाचा. यांपैकी तिसरा प्रकार त्याने सर्वांत अधिक मानवी आणि श्रेष्ठ मानला, आणि समान व्यवसायातून, समान कौशल्यातून व समान विचारपद्धतीतून जुळणारे सख्य हे त्याचे रूप म्हणून दाखवले. म्हणजे ज्या साक्षीदाराला प्रतिपक्षाने उभे केले त्याचीच जबानी पुरती वाचली, तर ती प्रतिपक्षाच्या विरुद्ध जाते. माझे म्हणणे याच दिशेचे आहे. एखाद्या गटाजवळ सर्वांची मिळून एक वस्तू असेल, तिच्या सांभाळाचे नियम त्याने स्वतः केलेले असतील, आणि एकाच्या चुकीची जबाबदारी दुसरा आपल्या अंगावर घेत असेल, तर तो गट समुदाय होतो. या तीन गोष्टी असल्या तर हजार मैलांचे अंतर त्याला मोडू शकत नाही, आणि त्या नसल्या तर एकाच इमारतीतील दहा मजले त्याला घडवू शकत नाहीत.

हे केवळ तत्त्वाच्या पातळीवर न ठेवता एक प्रत्यक्ष काम जवळून पाहू. मराठी विकिस्रोत हे मुक्त ग्रंथांचे भांडार आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे उलटली की त्याच्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे साहित्य २०११ च्या आरंभी सर्वांसाठी मोकळे झाले. अशा ग्रंथांची पाने येथे छायांकित करून ठेवतात आणि यंत्र त्यांतील अक्षरे ओळखून मजकूर तयार करते. पण जुन्या खिळ्यांच्या देवनागरी छपाईपुढे यंत्राची मती वारंवार कुंठित होते. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, रफार उडून जातो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. मग माणूस बसतो. त्याच्या डाव्या हाताला यंत्राने दिलेला मजकूर आणि उजव्या हाताला मूळ पानाचे छायाचित्र असते, आणि ओळीमागून ओळ ताडून पाहात तो पान शुद्ध करीत जातो. न तपासलेल्या पानाची खूण लाल असते. एकाने तपासले की ती पिवळी होते. दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवी होते. यातील मर्माची गोष्ट अशी की ज्याने पान पिवळे केले त्यालाच ते हिरवे करता येत नाही. तशी मुभा ती यंत्रणाच देत नाही. कोणी कितीही विद्वान असो, त्याचे काम दुसऱ्या डोळ्यांखालून गेल्यावाचून पुरे होत नाही. बंगळूरच्या जयनगरातला एक मनुष्य आणि साताऱ्यातला एक शिक्षक, एकमेकांचे तोंडही न पाहता, अशा रीतीने एकमेकांवाचून अपूर्ण राहतात. परस्परावलंबनाची इतकी काटेकोर तजवीज ज्यांच्या कामाच्या मुळाशीच आहे, त्यांना केवळ व्यवहारी म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण आहे.

आणि येथे वादही होतात. किंबहुना वादांतूनच हा समुदाय आकाराला येतो. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वारांना लेखनातून रजा मिळाली. जुन्या ग्रंथांत मात्र ‘नांव’, ‘कीं’, ‘घरीं’, ‘आंत’ अशी रूपे पानोपानी आढळतात. नव्या नियमांत शिकलेला नवा स्वयंसेवक मोठ्या उत्साहाने हे बिंदू पुसत सुटतो; त्याच्या मते तो चुका दुरुस्त करीत असतो. जुना सहकारी ते बिंदू पुन्हा बसवतो आणि चर्चापानावर कारण लिहितो: हा ग्रंथ आपला नाही, तो लेखकाचा आणि त्याच्या काळाचा आहे, आपण त्याचे संपादक नाही, रखवालदार आहो, जे छापले आहे ते तसेच वाचकाच्या हाती गेले पाहिजे. मग तो नवा मनुष्य विचारतो की उघड छापखान्याची चूक असेल तर काय करावे, आणि तेथून दुसरी चर्चा सुरू होते. ही देवघेव दोघांपुरती राहून विरून जात नाही. ती तारीख-वेळेसह दफ्तरात राहते आणि दोन वर्षांनी येणारा तिसरा मनुष्य ती वाचून शिकतो. शिवकालीन गोतसभेने केलेल्या निवाड्याचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई आणि त्यावर हजर असलेले लोक आपापली निशाणी करीत, कुणबी नांगराची करी; त्या निशाणीने निवाडा साऱ्या गोताचा होई. पानाच्या इतिहासात उमटणारे प्रत्येक नाव हीच निशाणी आहे.

बंगळूरचे या प्रकारच्या कामाशी निकटचे नाते आहे, आणि म्हणूनच येथे बसून त्याचा इन्कार होताना पाहणे अधिक क्लेशदायक वाटते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या येथील ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने २०१२ पासून, विकिपीडिया व विकिस्रोत यांमागील विकिमीडिया फाउंडेशनच्या अनुदानावर, भारतीय भाषांतील मुक्त ज्ञानाच्या कार्याला साहाय्य देण्यास आरंभ केला, आणि त्यांत कन्नडबरोबर मराठी, तेलुगू, उडिया व कोकणी याही भाषा होत्या. कन्नड विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या जागेचे नाव ‘अरळी कट्टे’, म्हणजे पिंपळाचा पार, असे आहे आणि मराठी विकिपीडियाची चर्चेची जागा ‘चावडी’ आहे. पण सर्वांत बोलके उदाहरण तुळू भाषेचे आहे. तुळू विकिपीडिया २००८ मध्ये परीक्षाधीन प्रकल्प म्हणून सुरू झाला आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. मधली आठ वर्षे मूठभर माणसांनी, पुढे मान्यता मिळेल की नाही याची शाश्वती नसताना, तो जिवंत ठेवला. अशा परीक्षाधीन प्रकल्पाला स्वतंत्र करण्यापूर्वी केवळ लेखांची संख्या पाहात नाहीत. महिन्यामागून महिने सातत्याने लिहिणारी काही माणसे तेथे टिकून आहेत काय, हे पाहतात. कोकणीच्या बाबतीत गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली आणला, विद्यार्थ्यांनी त्यातील मजकूर संगणकावर उतरवण्याचे काम केले, आणि २०१५ मध्ये कोकणी विकिपीडिया स्वतंत्र झाला. देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तीन लिप्यांत लिहिणारे लोक तेथे एका अंगणात नांदतात. ज्या लिपिभेदाने कोकणी माणसाला सभागृहांत आणि वृत्तपत्रांत इतकी वर्षे विभागून ठेवले, तो भेद न मिटवताही एकत्र काम करता येते, हे या दूरस्थ कामाने दाखवून दिले.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप एकेक करून घेऊ. पहिला आक्षेप देहाच्या सान्निध्याचा. शेजारी बसल्यावाचून विश्वास निर्माण होत नाही, असे म्हणतात. सान्निध्याचा महिमा गाणाऱ्यांनी आपल्याच इतिहासाकडे एकवार पाहावे. महाडात सवर्ण आणि अस्पृश्य पिढ्यान् पिढ्या एकाच गावच्या शिवारात राहिले, एकमेकांच्या कष्टांवर जगले. तरीही चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. शतकांच्या सान्निध्याने जिथे समुदाय घडला नाही, तिथे सान्निध्य हेच समुदायाचे कारण आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? उलट पक्षी दूरच्यांचे उदाहरण पाहा. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी वाचकांना जाहीर आवाहन केले, आणि जगभरच्या अनोळखी लोकांनी शब्दांच्या प्रयोगांच्या चिठ्ठ्या टपालाने त्यांच्याकडे धाडल्या. तो कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला तेव्हा मरे यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. काम मात्र थांबले नव्हते. संगणकाने अंतरावरचे सहकार्य शोधून काढलेले नाही; टपालाने ते पूर्वीच शक्य केले होते, संगणकाने त्याला वेग दिला.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे सुखाच्या दिवसांचे सोबती असतात; संकटात त्यांच्यातला कोणी धावून येत नाही. याला उत्तर म्हणून कोव्हिड१९इंडिया या स्वयंसेवकांच्या गटाचा दाखला पुरेसा आहे. २०२० च्या मार्चमध्ये काही तरुणांनी तो सुरू केला. प्रत्येक राज्याचे साथीचे पत्रक निराळ्या नमुन्याचे, निराळ्या वेळी, कधी तक्त्यात तर कधी नुसत्या चित्रात निघत असे. टेलिग्रामवर जमलेले हे लोक, ज्यांतील पुष्कळांनी एकमेकांना कधी पाहिलेही नव्हते, ती पत्रके वाचून जिल्हावार आकडे हाताने नोंदवीत, पडताळीत आणि सर्वांसाठी खुले करीत. पत्रकारांनी, संशोधकांनी आणि सामान्य नागरिकांनी त्यावर भिस्त ठेवली. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली तेव्हा घरोघरी आजारपण होते, आणि तरीही दररोजची नोंद चालू राहिली. पुढे हे काम थांबवण्याचे ठरले तेव्हा त्यांनी कित्येक आठवडे आधी तसे जाहीर केले, ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी ते बंद केले, आणि जमवलेली सर्व माहिती कोणालाही घेता येईल अशी मागे ठेवली. आपला जमाखर्च चोख मांडून, कोणाचे देणे न ठेवता काम बरखास्त करणे हे निष्ठेचे अत्युच्च लक्षण आहे, आणि ते बिनचेहऱ्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या लोकांनी दाखवले.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचा मी आदर करतो. ज्या गटातून एका कळीसरशी निघून जाता येते तो समुदाय कसला, असे विचारतात. बंधन नाही तिथे नाते नाही. परंतु बंधन म्हणजे कोंडणे नव्हे. सामाईक संपत्ती सांभाळणाऱ्या गटांचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात अशा दीर्घायुषी गटांची लक्षणे सांगितली: हद्द ठरलेली असावी, नियम पाळणाऱ्यांचाच नियम करण्यात हात असावा, देखरेख आपल्यातल्याच माणसांची असावी, शिक्षा पायरीपायरीने वाढत जावी, आणि तंटा मिटवण्याची जागा जवळ व बिनखर्चाची असावी. याच कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत हीच लक्षणे शेकडो वर्षे नांदली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने निघे, लाभक्षेत्राचे फड पाडलेले असत, एका फडात एकच पीक घेत, पाटकरी पाण्याची पाळी सांभाळी, आणि पाणी कमी पडले तर कोणता फड पडीक ठेवावयाचा हे गाव मिळून ठरवी. त्या शेतकऱ्यांना बांधून ठेवणारी गोष्ट त्यांचे शेजारीपण ही नव्हती; पाटाचे पाणी आणि पाळीचा नियम ही होती.

हीच लक्षणे मराठी विकिपीडियाच्या कारभाराला लावून पाहावीत. प्रचालक, म्हणजे तेथील व्यवस्था पाहणारा, कोण व्हावा हे कौल घेऊन ठरते. उत्पात करणाऱ्याला आधी समज दिली जाते, मग ताकीद, मग काही काळाची बंदी. वादाची जागा सर्वांना खुली आहे आणि तिथे फिर्यादीला मुखत्यार लागत नाही. अशा ठिकाणी जो मनुष्य टिकतो तो दार बंद आहे म्हणून टिकत नाही. ते सदैव उघडे असूनही तो दररोज रात्री परत येतो, आणि स्वेच्छेचे हे रोजचे नूतनीकरण जन्माने लादलेल्या सदस्यत्वापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते.

मग टाळेबंदीतील अनुभव इतका कोरडा का होता? ज्यांनी तो घेतला त्यांचे दुःख खोटे नाही. दिवसभर एकामागून एक दूरदृश्य बैठका, हजेरी लागावी म्हणून चालू ठेवलेला कॅमेरा, आणि आपण जागेवर आहो की नाही हे टिपणारी यंत्रणा, यांत आपलेपणा कुठून येणार? परंतु त्या कामाची वस्तू काम करणाऱ्यांची नव्हती, नियम त्यांनी केलेले नव्हते, आणि चूक झाली तर ती वाटून घेण्याऐवजी कोणाच्या माथी मारावयाची याचाच शोध चाले. हीच व्यवस्था कचेरीत नेली तर तिथेही समुदाय घडत नाही. फक्त चहाच्या वेळच्या गप्पांनी त्या उणिवेवर पांघरूण पडते. हा दोष सत्तेच्या रचनेचा आहे आणि तो अंतराच्या माथी मारणे हा चुकीचा न्याय आहे.

दूरस्थ गटांत उणिवा नाहीत, असा माझा दावा नाही. त्यांतील स्त्रियांची संख्या फार थोडी आहे. ज्याच्याजवळ संगणक आहे, रात्रीचा मोकळा वेळ आहे आणि इंग्रजी सूचना समजण्याइतके शिक्षण आहे, त्यालाच तिथे सहज शिरता येते. घरातली भांडी आवरून झाल्यावर ज्या स्त्रीला वाचायलाही वेळ उरत नाही तिला कोणते चर्चापान आणि कोणता कौल? जुने लोक नवख्याशी कधी कधी कठोरपणे वागतात, आणि एखादा कर्ता मनुष्य आजारी पडला किंवा कंटाळून निघून गेला की सबंध काम अडते. या उणिवा मी गंभीर मानतो. परंतु त्यांपैकी कोणतीही अंतरातून जन्मलेली नाही; गावच्या चावडीवरही स्त्रिया आणि दलित बसत नव्हते. आणि त्या दूर करण्याचा मार्ग हा समुदाय खोटा ठरवण्यात नाही. तो खरा आहे हे मान्य करून त्याच्याकडून समुदायाचे कर्तव्य मागण्यात तो मार्ग आहे. ज्याचे अस्तित्वच तुम्ही मानत नाही त्याला जाब कसा विचारणार?

याच कारणासाठी हा वाद मला शाब्दिक वाटत नाही. जे काम समुदायाचे म्हणून गणले जात नाही त्याला ग्रंथालय दार उघडत नाही, विद्यापीठ श्रेय देत नाही, आणि घरातली माणसेही त्याला ‘कॉम्प्युटरवर वेळ घालवणे’ म्हणतात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला तर याची झळ अधिक लागते. त्याच्या आसपास मराठी बोलणारे थोडे, मराठी ग्रंथालये थोडी, आणि मुलांची शाळा इंग्रजी किंवा कन्नड. सणावारी मराठी मंडळात जमणे हे चांगलेच आहे, पण वर्षातून चार वेळा एकत्र जेवून भाषेचा भार उचलला जात नाही. भाषेचा भार दररोज उचलावा लागतो, आणि तो उचलण्याची जी एक रीत अंतराच्या पलीकडे पोचते तिच्याकडे आपण पाठ फिरवतो आहो.

म्हणून बंगळूरच्या, आणि बंगळूरच्याच काय, बृहन्महाराष्ट्रातील सर्व मराठी मंडळांना माझे सांगणे आहे की त्यांनी आपल्या कपाटांतील स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके छायांकनासाठी द्यावीत, आपल्या निवृत्त सभासदांना आणि महाविद्यालयीन मुलांना मुद्रितशोधन शिकवावे, स्त्रियांना सोयीची वेळ पाहून त्यासाठी बैठकी घ्याव्यात, आणि या कामाची नोंद आपल्या वार्षिक अहवालात गणेशोत्सवाच्या जमाखर्चाइतक्याच मानाने करावी. विद्यापीठांनी मराठीच्या विद्यार्थ्याने शुद्ध केलेल्या शंभर पानांना एका निबंधाची योग्यता द्यावी. आणि सान्निध्याच्या सिद्धान्ताचे जे पुरस्कर्ते आहेत त्यांनी पुढच्या वेळी समुदाय हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपल्या कचेरीला तीन प्रश्न विचारावेत: येथील वस्तू कोणाची, नियम कोणाचे, आणि चुकीचे ओझे कोण उचलतो? या प्रश्नांची उत्तरे काम करणाऱ्यांच्या बाजूने येतील तेव्हा त्यांच्या कचेरीतही समुदाय घडेल, मग तिथे माणसे शेजारी बसोत वा न बसोत. तोवर ज्यांनी ही उत्तरे आपल्या कामाने आधीच दिली आहेत त्यांना समुदाय म्हणण्याचा हक्क कोणी काढून घेऊ नये.